ग्राफीन इलेक्ट्रोडवर रेणूंचा थर : मार्च ते जूनच्या लॅब-नोंदी, नागपूर

मी नागपूरच्या बाहेरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. एमएस्सीच्या दोन पोरी यंदा प्रोजेक्टला माझ्याकडे आहेत. काम असं की ग्राफीनचा (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्याचा) इलेक्ट्रोड घ्यायचा, त्यावर रेणूंचा पातळ थर बसवायचा आणि इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ द्यायचा की अडवायचा हे त्या थराकडून करवून घ्यायचं. पुढे त्याच थरावर एन्झाइम बांधायचंय. महागडं मशीन नाही, ग्लोव्ह बॉक्स नाही, फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) एक आहे आणि तो चालतो. कोणाला असंच काही करायचं असेल तर आमचे जिथे पैसे आणि दिवस गेले तिथे तुमचे जाऊ नयेत म्हणून तारखेवार लिहून ठेवतेय.

५ मार्च

ग्राफीन कुठून आणायचं यातच पहिला आठवडा गेला. तांब्याच्या फॉइलवर वाढवलेलं एका थराचं ग्राफीन विकत मिळतं पण आपल्या बजेटबाहेर, शिवाय ते तांब्यावरून उचलून दुसरीकडे बसवताना फाटतं आणि वर पॉलिमरचा चिकटा राहतो. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा पापुद्रा काढला, पोरींना तेच करून बघायचं होतं, पण तो तुकडा इतका बारीक असतो की त्याला वायर कुठे लावणार.

शेवटी लेझरवाला रस्ता धरला. २०१४ मध्ये राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने दाखवलं की पॉलिइमाइडच्या शीटवर सीओटू लेझर फिरवला की तिथल्या तिथे सच्छिद्र ग्राफीन तयार होतं. हे एका थराचं सपाट ग्राफीन नाहीये, अनेक थरांचा काळा मखमली स्पंज आहे, हे आधीच डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचा अर्धा त्रास या स्पंजापायीच झाला. पण ज्या मशीनवर लग्नपत्रिका आणि ॲक्रिलिकच्या पाट्या कापतात त्याच मशीनवर हे होतं, आणि तसली मशीन नागपुरात पैशाला पासरी आहेत.

९ मार्च

सीताबर्डीत एका पाट्यावाल्याकडे गेलो. सोबत कॅप्टॉनची, म्हणजे पॉलिइमाइडचीच, टेप काचपट्टीवर चिकटवून नेली होती, टेप ३५० रुपयांची. १२ टक्के पॉवरवर पहिली रेघ मारली तर भोकच पडलं. दादा म्हणाले, "ताई, हे जळून राहिलं ना, मटेरियल पतलं आहे." त्यांचं बरोबर होतं. टेप पातळ, वर खालचा गोंदही जळतो, पट्टी काचेवरून सुटून वर उचलली जाते. पॉवर कमी करत करत ८ टक्क्यांवर आलो तेव्हा काळं झालं, पण बोटाने पुसलं की निघून येत होतं.

१३ मार्च

टेप सोडली, १२५ मायक्रॉनची शीट मागवली, १,१०० रुपये. त्याच दुकानात परत गेलो. या वेळी शीट फोकसपासून दोन मिलिमीटर खाली ठेवली म्हणजे ठिपका जरा पसरतो आणि एकाच जागेवरून किरण तीनचारदा जातो, त्याने खूप फरक पडला. काळा रंग एकसारखा, वरून मखमल, बोट फिरवलं तर हलकीशी काजळी लागते पण पट्टी तशीच राहते. ३ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब अशा वीस पट्ट्या काढून घेतल्या. धूर घसा धरतो, दुकानाचा एक्झॉस्ट चालू आहे ना ते आधी बघा.

पट्टी धुवायची म्हणून एका पोरीने अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवली आणि दोन मिनिटांत ग्राफीन पाण्यात, शीट पिवळी. चार पट्ट्या त्यात गेल्या. आता आधी इथेनॉलचे मग डिस्टिल्ड वॉटरचे थेंब वरून सोडतो, बस.

१८ ते २८ मार्च

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडला ठरवलेलं व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र. रेडीमेड चिपचं मॉड्यूल १,८५० रुपयांना घेतलं, डेटाशीट मात्र नंतर वाचली, हे मी शिकवणारी असून व्हायला नको होतं. त्यात व्होल्टेजच्या पायऱ्या ठरावीक टक्क्यांच्याच आहेत, २.५ व्होल्ट रेफरन्सवर एक पायरी जवळजवळ ५० मिलिव्होल्टची. व्होल्टेज वरखाली नेताना करंटचे जे दोन उंचवटे (पीक) येतात त्यांच्यातलं अंतर आपल्याला मोजायचंय, ते आदर्श अवस्थेत ५९ मिलिव्होल्ट असतं. मग ५० च्या पायरीने काय मोजणार.

शेवटी साधं सर्किट स्वतः लावलं, एक चार ऑपॲम्पची आयसी, व्होल्टेज द्यायला एमसीपी४७२५, मोजायला एडीएस१११५, करंटसाठी १० किलोओहम, आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. पायरी ०.८ मिलिव्होल्टवर आली. सगळे पार्ट मिळून १,२४० रुपये. इलेक्ट्रोडच्या जागी माहीत असलेला रेझिस्टर लावून सरळ रेघ येते का हे आधी बघितलं. आली. यात अकरा दिवस गेले, त्यातले सात त्या मॉड्यूलवर.

रेफरन्स इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं त्यासाठी, इतवारीच्या सराफ्यातून चांदीची तार आणली, घरच्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवली, वर सिल्व्हर क्लोराइडचा जांभळट करडा थर बसला. पण दोन तारा एकाच केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात) ठेवून आपसात मोजल्या तर फरक कधी ८ मिलिव्होल्ट कधी ३०. परत सराफ्यात गेले, काकांनी तार हातात घेऊन लगेच सांगितलं की ही दागिन्याची चांदी आहे, तांबं घातलेली. ९९९ ची मागून घ्या. ती घेतल्यावर दोन तारांतला फरक २ मिलिव्होल्टच्या आत. पहिल्या तारेचे २८० गेले, दुसरीला ४२० लागले. काउंटर, म्हणजे करंटची वाट पूर्ण करणारा तिसरा इलेक्ट्रोड, म्हणून जुन्या पेन्सिल सेलमधली कार्बनची कांडी.

२९ मार्च

पहिला खरा सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री), म्हणजे व्होल्टेज वरखाली नेत काढलेला करंटचा आलेख. ५ मिलिमोलर फेरीसायनाइड (इलेक्ट्रॉन घेणारा-देणारा चाचणीचा रेणू), ०.१ मोलर केसीएल, ५० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद. नेलपॉलिशने खिडकी आखलेली, ३ बाय ४ मिलिमीटर उघडं. वरच्या टोकाला सिल्व्हर पेस्ट, तिचे १,३०० रुपये झाले.

दोन्ही पीक दिसले, सुंदर दिसले, करंट ११० मायक्रोअँपिअर, खिडकीच्या आकाराला शोभेल असाच. पण दोन पीकमधलं अंतर १९० मिलिव्होल्ट, आणि अंतर जास्त म्हणजे इलेक्ट्रॉन सावकाश जातोय असं धरतात. मी वहीत लिहिलं, "आपल्या ग्राफीनवर इलेक्ट्रॉन ट्रान्सफर मंद आहे." हे वाक्य चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे कळायला एप्रिलची बावीस तारीख उजाडली.

४ एप्रिल

पहिला थर म्हणून मिथिलीन ब्लू हा निळा रंग. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, पण आम्ही लॅबमधलंच घेतलं. रेणू चपटा, अरोमॅटिक, ग्राफीनवर आपोआप आडवा बसतो, कसलं केमिकल जोडकाम लागत नाही. दहा मिनिटं बुडवलं, धुतलं, pH ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये (pH स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) केसीएल घालून त्यात सीव्ही. −०.२८ व्होल्टच्या आसपास पीक आला, अपेक्षित जागी. स्कॅनचा वेग दुप्पट केला की पीकही दुप्पट, म्हणजे रेणू पाण्यात फिरत नाहीये, पृष्ठभागावर बसलेला आहे. रेणू पाण्यात असता तर दुप्पट वेगाला पीक १.४ पटच वाढला असता.

पण शून्य व्होल्टच्या जवळ अजून एक जोडी येऊन राहिली होती. छोटी, टोकदार, आणि प्रत्येक स्कॅनला थोडी थोडी मोठी होणारी. आम्ही तिच्या मागे लागलो. मिथिलीन ब्लूचा दुहेरी थर असेल, मग ग्राफीनच्या कडांवरचे ऑक्सिजनचे गट असतील, मग दोन रेणू एकत्र चिकटले असतील. मी चार पानं लिहून काढली त्यावर.

१७ एप्रिल

मधले दिवस पेपर तपासणीत गेले. आज धाकटी पोरगी, जी फारशी बोलत नाही, तिने विचारलं, "मॅडम, हे कोऱ्या पट्टीवर घेऊन पाहिलं का आपण?"

नव्हतं घेतलं.

कोरी पट्टी लावली, मिथिलीन ब्लूचा थेंबही नाही, तरी शून्याजवळची ती जोडी हजर. मग पट्टी काढून भिंगाखाली धरली. नेलपॉलिशचा पट्टा वरून अखंड दिसत होता, पण त्याच्या पलीकडे सिल्व्हर पेस्टची खालची कड करडी पडलेली, त्यावर बारीक पांढुरके ठिपके, आणि मधलं काळं ग्राफीन ओलसर चमकत होतं. ग्राफीन स्पंज आहे ना, पाणी नेलपॉलिशच्या खालून दिव्याच्या वातीसारखं वर चढत होतं आणि चांदीपर्यंत पोचत होतं. चांदीचं सिल्व्हर क्लोराइड होणं आणि परत चांदी होणं, तेच ते पीक. आणि आपला रेफरन्सही त्याच मिठाच्या पाण्यातला चांदी-सिल्व्हर क्लोराइड, मग पीक शून्याजवळच येणार ना. तेरा दिवस आम्ही आमच्याच जोडणीतली चांदी मोजत होतो आणि तिला रेणूचं नाव देत होतो.

ज्यांना हे करायचंय त्यांनी कोणताही नवा पीक दिसला की तो शून्याच्या आसपास आहे का हे सगळ्यात आधी बघा.

उपाय असा केला, नेलपॉलिश ॲसिटोनने पाण्यासारखं पातळ करून पहिला हात, तो स्पंजात मुरतो. पूर्ण वाळू द्यायचा. मग नेहमीच्या घट्ट पॉलिशचे दोन हात. त्यानंतर पट्टी दोन तास मिथिलीन ब्लूमध्ये उभी ठेवली आणि पॉलिशच्या वरच्या भागावर पांढरा टिश्यू दाबून बघितला. टिश्यू पांढराच राहिला. ही टेस्ट आता प्रत्येक बॅचमधल्या एका पट्टीवर करतो, ती पट्टी मग फेकायची.

२२ एप्रिल

एकदा शंका शिरली की सगळंच तपासावंसं वाटतं. मल्टिमीटरने कॉन्टॅक्टपासून खिडकीपर्यंतचा रेझिस्टन्स मोजला, ५२० ओहम. ११० मायक्रोअँपिअर करंट त्यातून गेला की ५७ मिलिव्होल्ट तिथेच पडतात. जाताना ५७ आणि येताना ५७, म्हणजे १९० पैकी ११४ मिलिव्होल्ट निव्वळ पट्टीच्या लांबीचे. उरले ७६. आमचं ग्राफीन मंद नव्हतंच.

पट्टी कापून खिडकी आणि पेस्टमधलं अंतर ८ मिलिमीटर केलं, रेझिस्टन्स ९० ओहम, पीकमधलं अंतर ९४ वर आलं. लांबी कमी केली की पाणी पेस्टपर्यंत पोचायचा धोका वाढतो, म्हणून वरचं पातळ पॉलिश आधी जमवा आणि मगच पट्टी आखूड करा. आणि फेरीसायनाइड ५ ऐवजी १ मिलिमोलर केलं, करंट २२ मायक्रोअँपिअर, मग या रेझिस्टन्सचा वाटा चारच मिलिव्होल्ट. कोऱ्या पट्टीवर आता ८० मिलिव्होल्ट, पाच पट्ट्यांवर ७७ ते ८५. थराने काय केलं हे सांगायला आता पायाखाली जमीन आहे.

२९ मार्चच्या त्या वाक्यावर लाल रेघ मारली.

२६ एप्रिल

ऊन ४३ वर गेलं, लॅबमध्ये कूलर लावला आणि सिग्नल नाचायला लागला. रेघ जाड झाली, पीक शोधावा लागतो. बॅटरीवर सर्किट असूनही. कूलरचा पंखा आणि आतला पंप दोन्ही आमच्या टेबलाच्या मागच्याच बोर्डवर. कूलर बंद करून काम होत नाही, त्या खोलीत पोरींना चक्कर येईल.

लॅब असिस्टंट काकांनी घरून पिठाचा मोठा स्टीलचा डबा आणून दिला. त्याच्या झाकणाला तीन भोकं पाडली, सेल आत ठेवला, डबा सर्किटच्या ग्राउंडला एकाच जागी जोडला. आधी दोन ठिकाणी जोडला होता, त्याने आवाज वाढतो. शिवाय एडीएस१११५ कडून सेकंदाला ८६० या वेगाने सलग १७ रीडिंग घेऊन सरासरी काढली, ते जवळजवळ २० मिलिसेकंद होतात म्हणजे ५० हर्ट्झच्या लाइनचं बरोबर एक चक्र, वरखाली एकमेकात कटून जातं. डबा आणि सरासरी, दोन्ही मिळून रेघ परत बारीक झाली. खर्च शून्य. काकांच्या घरी नवा डबा मी घेऊन दिला.

४ मे

आता खरा थर. मिथिलीन ब्लू हळूहळू पाण्यात सुटतो, दोन तासांनी पीक निम्मा होतो, त्यावर एन्झाइम कसं बांधणार. म्हणून ग्राफीनला पक्क्या बंधाने चिकटणारा थर पाहिजे. कार्बनवर त्यासाठी डायझोनियमची (नायट्रोजनची जोडी लागलेल्या क्रियाशील रेणूची) पद्धत आहे, पिन्सन आणि सावेआँ यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलेली. आम्ही ४-अमिनोबेंझोइक ॲसिड घेतलं, ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बर्फावर ठेवून सोडियम नायट्राइट थेंबथेंब, पाच मिनिटं ढवळायचं, आणि लगेच त्यात पट्टी बुडवून व्होल्टेज +०.५ वरून −०.६ पर्यंत न्यायचं. डायझोनियममधून नायट्रोजन निघून जातो आणि उरलेली कडी ग्राफीनवर बसते, वरच्या टोकाला कार्बोक्झिल (आम्लाचा) गट.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. डायझोनियमचं मीठ कोरडं करू नका, गाळून ठेवू नका, उद्यासाठी ठेवू नका. कोरडं झालं तर स्फोट होऊ शकतो. लागेल तेवढंच, पाच दहा मिली, द्रावणातच, आणि उरलेलं त्याच वेळी नष्ट करायचं.

आजचा प्रयत्न वाया गेला. फ्रीजच्या ट्रेमधला बर्फ बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत पाणी झाला, द्रावण १४ डिग्रीवर, तपकिरी पडलं आणि बारीक बुडबुडे यायला लागले. म्हणजे डायझोनियम मरत होतं. तरी पट्टी बुडवली, काही बसलं नाही.

७ मे

बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, फोडून खडेमीठ घालून थर्माकोलच्या डब्यात ठेवला. थर्मामीटर दोन डिग्री. नायट्राइटचं द्रावण आणि बीकरसुद्धा आधी अर्धा तास बर्फात ठेवले, मागच्या वेळी हेच विसरलो होतो. डायझोनियम झालंय का हे बघायला बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमधलीच युक्ती, एक थेंब बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कलीमधल्या द्रावणात टाकायचा, लगेच भगवा लाल रंग आला. पोरींना हा रंग पहिल्या वर्षापासून माहीत होता पण त्याचा असा उपयोग होताना त्यांनी पहिल्यांदा पाहिला आणि त्या खूश झाल्या.

दहा वेळा स्कॅन केलं. पहिल्या फेरीत रुंद पीक, दुसऱ्यात जवळजवळ गायब, पुढच्या फेऱ्यांत काहीच नाही. धुवून फेरीसायनाइडमध्ये घातलं तर सरळ सपाट रेघ. पूर्ण अडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग धाकटीने तिचा प्रश्न विचारला. कोरी पट्टी, तेच ॲसिड, तेच नायट्राइट, तेवढेच दहा स्कॅन, फक्त अमिनोबेंझोइक ॲसिड नाही. त्या पट्टीवर अंतर ८० चं १०२ झालं पण करंट तसाच राहिला. म्हणजे अडवणारा थरच आहे, थोडं नुकसान मात्र ॲसिड आणि नायट्राइटचंही आहे. पुढच्या सगळ्या आकड्यांची तुलना आता या १०२ शी करायची, ८० शी नाही.

१२ मे

पूर्ण अडवणारा थर आपल्या कामाचा नाही, तो म्हणजे रंग मारल्यासारखं झालं. आम्लात, pH ३ ला, वाट उघडेल अशी आशा होती, पण तिथे नेऊनही सपाटच. कारण असं की पहिली कडी ग्राफीनवर बसली की पुढचे रॅडिकल (नायट्रोजन सुटून उरलेले क्रियाशील तुकडे) त्या कडीवरच जाऊन बसतात, एकावर एक मजले चढतात. इलेक्ट्रॉनला एवढा जाड थर ओलांडता येत नाही. सोन्यावरच्या कार्बनच्या साध्या साखळ्यांवर हे नीट मोजलेलं आहे, साखळीत एक CH₂ वाढला की वेग साधारण एक तृतीयांशावर येतो. चारपाच जास्तीचे कार्बन म्हणजे वेग शंभरातला एक.

म्हणून स्कॅन कमी केले. पाच स्कॅन, तरी बंद. तीन स्कॅन, एक पट्टी बंद आणि एक अर्धवट. दोन स्कॅन आणि डायझोनियमची तीव्रता पाचवरून एक मिलिमोलर, हे जमलं असं वाटतंय.

१६ मे

पट्टी ई-१८, दोन स्कॅनची.

pH ७ : करंट २२ वरून ५ मायक्रोअँपिअर, पीक पसरट, दोनमधलं अंतर ३०० च्या वर. pH ३ : करंट १८, अंतर ११८. परत ७ : अडलं. परत ३ : उघडलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. कोऱ्या पट्टीवर pH ३ आणि ७ मध्ये ४ मिलिव्होल्टचाच फरक.

घडतंय ते इतकंच की pH ७ ला थराच्या टोकाचे कार्बोक्झिल गट ऋण होतात, फेरीसायनाइडही ऋण, तो जवळच येऊ शकत नाही. आम्लात ते गट प्रोटॉन घेऊन उदासीन होतात आणि वाट मोकळी होते. पुस्तकात दोन ओळी आहेत याच्या. पण सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत एकच पट्टी या बीकरमधून त्या बीकरमध्ये नेत स्क्रीनवर तो पीक बसताना आणि उठताना बघणं, मोठी पोरगी तर जेवायलाच उठली नाही. अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आमच्या सांगण्यावर चाललं होतं.

फेरीसायनाइड आणि आम्ल हे एकत्र फ्यूम हूडमध्येच. तीव्र आम्ल नको, गरम करणं नको, उन्हात ठेवणं नको, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. ताजं बनवायचं, एक मिलिमोलरच, आणि काम झालं की अल्कली करून वेगळ्या बाटलीत.

२१ मे

भाराचंच काम आहे की थर नुसता जाड आहे म्हणून अडतंय, हे वेगळं काढायला धन भाराचा चाचणीचा रेणू पाहिजे. तसा रुथेनियम हेक्झामिन आहे पण महाग, ओळखीच्या एका रिसर्च लॅबमधून चिमूटभर मिळालं. त्याला ऑक्सिजन चालत नाही, त्याच व्होल्टेजजवळ विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन खातो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका टिग वेल्डिंगवाल्या दादांनी अर्ध्या दिवसासाठी आर्गॉनचा सिलिंडर दिला, पैसे घेतले नाहीत. वीस मिनिटं बुडबुडे सोडले.

pH ७, ई-१८ : अंतर १०६. कोऱ्या, ॲसिड-नायट्राइटवाल्या पट्टीवर ९९. म्हणजे धन रेणूला त्याच थरातून, त्याच pH ला, वाट आहे. हा आकडा मला सगळ्यात जास्त आवडला.

२६ मे

काल नवतपा लागला. दुपारी लॅबमध्ये कूलर असूनही ३६.

नवीन पट्ट्यांवर pH ३ चा पीक ७० मिलिव्होल्ट सरकला. दोन दिवस आम्ही थरात काय बदललं ते शोधत होतो. थर ठीक होता, pH ३ चं नवं बफर करताना केसीएल घालायचं राहिलं होतं. आपली रेफरन्स नुसती उघडी तार आहे, तिचं व्होल्टेज भोवतालच्या क्लोराइडवर ठरतं, क्लोराइड दहापट कमी झालं की ५९ मिलिव्होल्ट सरकणार. चूक माझीच, बफर मी केलं होतं.

आता तार स्वतंत्र नळीत, संपृक्त केसीएलमध्ये, आणि नळीच्या तोंडाला चायना ग्रासचं बूच. किराणा दुकानातलं चायना ग्रास म्हणजे अगरच, केसीएलच्या पाण्यात उकळून नळीत ओढून घ्यायचं आणि थंड होऊ द्यायचं. या उन्हात ते दोन दिवसांत सुकून आक्रसतं, म्हणून काम नसताना नळी केसीएलमध्येच उभी ठेवा.

३१ मे

तिसऱ्या बॅचच्या सहा पट्ट्या. सहापैकी चार ई-१८ सारख्या वागल्या, एक पूर्ण बंद, एकीच्या कॉन्टॅक्टला पाणी पोचलं होतं, तेच शून्याजवळचं पीक, या वेळी दहा मिनिटांत ओळखलं. सहात चार चांगल्या म्हणजे फार नाही. बंद पडलेली पट्टी शेवटी बुडवलेली होती, तोवर बर्फ वितळायला लागला होता आणि घाईत तिचे स्कॅन दोनचे तीन झाले असावेत असं पोरींचं म्हणणं. पुढच्या वेळी एका बर्फात तीनच पट्ट्या.

खर्च : टेप ३५०, शीट १,१००, लेझर तीन खेपांचे ९००, वाया गेलेलं मॉड्यूल १,८५०, सर्किटचे पार्ट १,२४०, चांदी दोन्ही मिळून ७००, सिल्व्हर पेस्ट १,३००, बर्फ-मीठ-नेलपॉलिश वगैरे २००. एकूण ७,६४०. यातले टेप, मॉड्यूल आणि पहिली चांदी असे २,४८० वाचले असते. केमिकल कॉलेजच्या स्टोअरमधून घेतले, ते यात धरलेले नाहीत.

२ जून

पुढचं काम, कार्बोक्झिल गटांवर ईडीसी आणि एनएचएस ही जोडकामाची रसायनं वापरून ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बांधायचं. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये हे एन्झाइम इलेक्ट्रोडशी जोडून ग्लुकोज मोजायची कल्पना मांडली, पण या एन्झाइममधला इलेक्ट्रॉन देणारा एफएडीचा भाग प्रथिनाच्या पोटात खोल आहे, तिथून आमच्या थरापर्यंत इलेक्ट्रॉन सरळ उडी मारेल अशी आशा मी धरलेली नाही. म्हणून सोबत इलेक्ट्रॉन वाहून आणणारा फेरोसिनचा मध्यस्थ लागणार. आणि एफएडीच्या जागी पीक दिसलाच तर आधी हे बघावं लागेल की तो प्रथिनातून सुटून ग्राफीनवर आडवा पडलेला नुसता एफएडी तर नाही ना, कारण तोही चपटाच रेणू आहे आणि मिथिलीन ब्लूसारखाच चिकटतो. ग्लुकोज टाकल्यावर करंट वाढतो का, त्यावरून ठरेल.

चार चांगल्या पट्ट्या आणि त्यांच्या जोडीच्या चार कोऱ्या आज डेसिकेटरमध्ये ठेवल्या. धाकटीने कोऱ्यांवरही नंबर घातलेत, को-१ ते को-४. एन्झाइमची बाटली फ्रीजमध्ये आहे, आणि पहिल्या वादळाला इकडे तासन्‌तास लाइट जाते म्हणून काकांनी फ्रीजची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर लावून दिलीय.